एकमताने मंजूर झालेला बुल बार

आमच्या मंडळाची गाडी कुणाच्या हौसेची नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑस्ट्रेलियात फोर-व्हील ड्राइव्ह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा, तंबू आणि छतावर बांधलेला सर्फबोर्ड येतो. शहराच्या एका टोकाला, वेरिबीत, आमच्या रस्त्यावर अशा सहा गाड्या उभ्या असतात आणि त्यातल्या चारांच्या टायरला आजवर चिखल लागलेला नाही. आमची गाडी मात्र दर दुसऱ्या शनिवारी पहाटे निघते आणि चार तास उत्तरेला, मरे नदीच्या काठच्या द्राक्षमळ्यांकडे जाते. हिवाळ्यात तिथे छाटणी असते, संत्री उतरवायची असतात. ते काम करणारी पोरं आमच्यासारखीच असतात. कुणी नेपाळचं, कुणी पंजाबचं, कुणी साताऱ्याहून स्टुडंट व्हिसावर आलेलं. त्यांना तासाचा कायद्याने ठरलेला दर असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं. एका पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा जण झोपतात आणि ठेकेदार त्यांचे पासपोर्ट ‘सांभाळून’ ठेवतो. सांभाळून हा शब्द त्याचा. माझा शब्द वेगळा आहे, पण तो इथे छापता येणार नाही.

आम्ही तिथे जाऊन पत्रकं वाटतो, पेस्लिप कशी वाचायची ते दाखवतो, तक्रारीचे फॉर्म भरून देतो. साध्या गाडीने दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पावसानंतरच्या मातीच्या रस्त्यात चाकं रुतून बसली, म्हणून ही जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह घेतली. घेतल्यापासून एकही शनिवार चुकला नव्हता. हे मी मिरवण्यासाठीच लिहिते आहे. आमचं मंडळ लहान आहे, कुणी वेअरहाऊसमध्ये, कुणी नर्सिंग होममध्ये, कुणी आयटीत, पण शनिवार चुकवत नाही.

गाडी चालवायची ती ताई. पन्नाशीची, मूळची नागपूरची, वेरिबीच्या रूटवर बस चालवणारी. मंडळात सगळेच तिला ताई म्हणतात, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले आमचे अध्यक्षसुद्धा. अध्यक्षांना सगळे सर म्हणतात, कारण ते मुलांना गणित शिकवतात आणि आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीची स्प्रेडशीट करतात. बाकी आम्हा कुणाचा त्या रस्त्यावर, त्या गाडीवर, चार तास जाऊन चार तास यायचा अनुभव नाही. मला तर तेव्हा लर्नर परवानाच होता. म्हणजे ताई नाही तर शनिवार नाही. इतकं साधं होतं ते.

गेल्या जूनमध्ये परतताना, सूर्य नुकताच मावळत असताना, डावीकडच्या गवतातून एक मोठा कांगारू उडी मारून थेट गाडीसमोर आला. ताईने स्टिअरिंग वळवलं नाही. सरळ रेषेत, जितका लागेल तितका ब्रेक दाबला. बॉनेट दुमडलं, रेडिएटर फुटला, वाफ उठली. तिने आधी मागे वळून आम्हा चौघांना एकेक करून विचारलं, लागलं का. मग डॅशबोर्डच्या खणातले हातमोजे घातले, टॉर्च घेतला आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या जनावराची पिशवी तपासायला गेली. आत पिल्लू असू शकतं, म्हणून इथे तसं बघायचं असतं. तो नर निघाला. टो ट्रक येईपर्यंत तिने थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून दिला. स्वतः घेतला नाही. 

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “पुढे बुल बार लावल्याशिवाय मी त्या रस्त्यावर गाडी घालणार नाही.”

बुल बार म्हणजे गाडीच्या नाकासमोर बसवतात तो जाड धातूचा पट्टा आणि वरचे नळे. जनावर आपटलं तर रेडिएटर वाचतो, गाडी घरी पोहोचते. तो दोन प्रकारचा मिळतो. एक स्टीलचा, दुसरा अलॉयचा, म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियमचा. आता कोणता घ्यायचा, हा प्रश्न आला सभेत.

आमच्या सभेविषयी थोडं सांगावं लागेल. कौन्सिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी आधी वंदना होते, मग सभा. विषय कितीही किरकोळ असो, ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, हात वर करून मतदान होतं आणि इतिवृत्त लिहिलं जातं. हॉलमधली चहाची किटली बदलायची होती तेव्हाही ठराव झाला होता. माझ्या ऑस्ट्रेलियन मैत्रिणी हसतात. हसू देत. आमच्या घरच्यांनी वस्तीतल्या विहारात सतरंजीवर बसून ही पद्धत चालवली, जिथे मालकांच्या दारात त्यांना बोलायलाही मिळत नव्हतं. ज्यांचं मत कुणी कधी विचारलं नाही, त्यांना मत मोजण्याचं महत्त्व कळतं. मला या पद्धतीचा अभिमान आहे, आणि पुढे जे झालं त्यानंतरही आहे.

पत्रकं लिहायला मी युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकले. रेस्टॉरंटमध्ये भांडी घासणाऱ्या विद्यार्थ्यांना अर्ध्या दराने राबवतात, त्याविरुद्ध आमची मोहीम होती. एक पान, सात मुद्दे, विशेषणं कमी, शेवटी मागणी. त्या साच्यात मी काहीही बसवू शकते. तर मी सभेसाठी पत्रक काढलं. मथळा: ‘स्टीलच का?’ 

मुद्दे मला अजून पाठ आहेत. स्टील अधिक मजबूत. स्टील वाकलं तर कुठल्याही गावातला वेल्डर ठोकून सरळ करतो, अलॉय तडकतं आणि बदलावं लागतं. स्टील हा कामगाराचा धातू आहे. ‘वजन हे स्टीलचं सामर्थ्य आहे,’ हा चौथा मुद्दा. आणि सातवा, ज्यावर मी स्वतः फार खूश होते: ‘अलॉय हा मॉलच्या पार्किंगमध्ये मिरवायचा भांडवलदारी दागिना आहे.’

तीस प्रती छापल्या, खुर्च्यांवर आधीच ठेवल्या. लोकांनी वंदनेआधीच वाचून घेतल्या. चर्चेत सरांनी फक्त एकदा विचारलं, “ताई आज शिफ्टला आहे. तिला विचारून घ्यायचं का?”

मी म्हणाले, “सर, ताईला मजबूतच हवा असणार ना.”

हात वर झाले. सगळे. मी स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिलं: स्टीलचा बुल बार बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर.

त्या संध्याकाळी इतिवृत्त ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, हात जोडलेले आले. मग ताईचा मेसेज आला. “इतिवृत्त वाचलं. गाडीची चावी हॉलच्या कपाटात ठेवली आहे.”

बस, एवढंच.

मला राग आला, लपवत नाही. बार तिनेच मागितला होता, आम्ही तो मंजूर केला होता, आणि ती चावी ठेवून मोकळी. दुसऱ्या दिवशी कामावरून थेट तिच्या घरी गेले. दार तिच्या मुलीने उघडलं. मी विचारलं, आई रागावलीय का.

“शी इज नॉट मॅड,” मुलगी म्हणाली. “शी इज जस्ट डन. तिच्यापुरतं संपलंय.”

ताई आत बसचा युनिफॉर्म इस्त्री करत होती. मी बसलेही नाही.

“चावी का ठेवलीस, ताई?”

“ठरावात चावीबद्दल काही नव्हतं. म्हटलं कपाटातच बरी.”

“तुला बार हवा होता. तोच मंजूर केलाय.”

“मला बार हवा होता. तुम्ही लोखंड मंजूर केलंत.”

“म्हणजे तुला अलॉय हवा होता? मग सांगायचंस तसं.”

“मला कोणता हवा ते मलाच अजून माहीत नाही, बाळा. गाडी वजनकाट्यावर घातल्याशिवाय कळणार कसं? तू घातलीस?”

मी नकारार्थी मान हलवली.

“वजनाबद्दल काहीतरी लिहिलं होतंस म्हणे.”

“हो. लिहिलं होतं.”

“काय?”

“वजन हे स्टीलचं सामर्थ्य आहे.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि हसायला लागली. अपघातानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते, आणि ते हसू माझ्यावर होतं. मग पाणी देऊन मला बसवलं आणि जे सांगितलं ते सात मुद्द्यांत नव्हतं. प्रत्येक गाडीला तिची मर्यादा ठरवून दिलेली असते. एकूण वजन किती, पुढच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, किती, मागच्यावर किती. ती कागदोपत्री गोष्ट नाही. ती ओलांडली की गाडी उशिरा थांबते आणि वळताना ऐकत नाही. “मी बसमध्ये ठरल्यापेक्षा माणसं जास्त झाली की पुढच्या स्टॉपला दार उघडत नाही,” ती म्हणाली. “लोक काचेवर हात मारतात, शिव्या देतात. मी उघडत नाही. त्या दिवशी तो कांगारू आला तेव्हा माझ्या मागे तुम्ही चौघं होता. ब्रेक वेळेवर लागला म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. आता तिच्या नाकावर किती टांगायचं, हे हात वर करून ठरवता होय तुम्ही?”

“तू सभेत असतीस तर…”

“मी नव्हते हे तुला माहीत होतं.”

मी लोकांना शिकवत फिरते की तुमच्या कामाचा निर्णय तुमच्याशिवाय कुणी घेतला तर सही करू नका. आणि मीच एका ड्रायव्हरच्या कामाचा निर्णय तिच्या पाठीमागे घेतला होता. तोही एकमताने. ठेकेदारानेही इतकं नीट लिहून ठेवलं नसतं.

शनिवारी आम्ही मळ्याकडे गेलो नाही. घेतल्यापासून चुकलेला तो पहिला शनिवार. त्याऐवजी ताईच्या सांगण्यावरून गाडी अगदी मळ्याकडे जाताना भरतो तशी भरली. पाण्याचे कॅन, फोल्डिंग टेबल, प्रथमोपचाराची पेटी, जास्तीची बॅटरी, डिझेलची टाकी काठोकाठ, पत्रकांची खोकी, आणि आत नेहमीचे पाच जण. वेरिबीजवळच्या कचरा डेपोत सार्वजनिक वजनकाटा आहे, तिथे गेलो. केबिनमधल्या माणसाने चमकत्या पट्ट्यांचं हाय-व्हिज जॅकेट घातलं होतं. त्याने पाच जण आणि छतापर्यंतचं सामान पाहिलं.

“मूव्हिंग हाऊस, मेट?”

“नो मेट, जस्ट चेकिंग,” ताई म्हणाली, आणि आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली. आकडा घेतला. मग पूर्ण गाडी. पुन्हा आकडा. मला वाटलं होतं हे पाच मिनिटांचं काम, पण तिने दोनदा केलं, एकदा सरांना पुढे बसवून आणि एकदा मला, कारण सर चांगले भरभक्कम आहेत. सर वहीत लिहीत राहिले.

बाहेर येऊन त्यांनी हिशेब मांडला. बार नसतानाच एकूण मर्यादेपर्यंत उरलेली जागा एका सडपातळ माणसाएवढी होती.

तिथून जवळच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, तो प्रकारही सांगायला हवा. काउंटरवरचा माणूस सरळ सरांकडे वळला, तुम्ही गाडीमागे काय टो करता, म्हणजे काय ओढता, कुठे कॅम्पिंगला जाता. सरांनी ताईकडे बोट दाखवलं, ड्रायव्हर या आहेत. मग तो ताईला म्हणाला, पॉलिश केलेला अलॉय बघा, गाडीच्या रंगाला छान दिसेल. ताईने त्याला पुढच्या ॲक्सलची मर्यादा आणि बारचं ब्रॅकेटसकट वजन विचारलं. त्याने उत्तर दिलं, सरांकडे बघून. मी तिथेच सुरू झाले. आवाज चढला माझा, आसपासची गिऱ्हाइकं बघायला लागली. ताईने दंडाला धरून बाहेर काढलं.

“सोड ना, मला बोलू दे.”

“बोललीस तेवढं पुरे. त्याचं पत्रक नंतर काढ. मला आकडा हवाय, तो याच्याकडे नाही.”

आकडा मिळाला डँडेनॉन्गला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. फॉस्टर स्ट्रीटवरची भारतीय दुकानं संपली की पलीकडे कारखान्यांची वस्ती लागते, तिथे एका पंजाबी फिटरचं वर्कशॉप आहे. ताईच्या डेपोतल्या कुणीतरी नाव सुचवलं होतं. आम्ही त्याला पाजी म्हणायला लागलो, तोही ताईला पहिल्या मिनिटापासून ताईजी म्हणाला. त्याने कॅटलॉग काढला, आमच्याच मॉडेलसाठीचे दोन्ही बार दाखवले. अलॉयचा ढोबळमानाने निम्म्या वजनाचा.

“फरक तेवढाच ना,” मी म्हणाले. “तेवढ्यासाठी मजबुती सोडायची?”

पाजीने जमिनीवर एक वीट ठेवली, तिच्यावर आडवी फळी ठेवली, विटेच्या पलीकडे फळीचं थोडंसं टोक बाहेर सोडलं. “ये ईंट समझो अगला ॲक्सल. बार यहाँ लगता है, ॲक्सल के आगे.” त्याने हातोडा बाहेरच्या टोकावर ठेवला. फळीचं मागचं टोक उचललं गेलं. “देखा? पीछे का वज़न भी आगे आ गया. बार का जितना वज़न, ॲक्सल पे उससे ज़्यादा पड़ता है.”

सर खाली वाकून फळीकडे बघत राहिले. गणित शिकवणाऱ्या माणसाला ते आधी सुचलं नव्हतं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

मी तरी हटले नाही. म्हणाले, स्प्रिंगा जाड घालू.

“स्प्रिंग से नाक ऊपर हो जाएगी,” पाजी म्हणाला. “लिमिट थोड़ी न ऊपर होगी, बहनजी. प्लेट पे जो लिखा है सो लिखा है.”

आकडे बसवले. स्टीलचा बार घेतला तर पुढचा ॲक्सल मर्यादेबाहेर, आणि एकूण वजनही बाहेर. अलॉयचा घेतला तर दोन्ही आत, थोडी जागा राखून. स्टीलच हवा असेल तर काहीतरी उतरवायला हवं. एक माणूस, किंवा पाणी आणि बॅटरी, किंवा पत्रकांची खोकी. पाजीने त्यातलं एक खोकं उचलून पाहिलं.

“इसमें क्या है, ईंटें?”

“कागद,” मी म्हणाले. पाच भाषांतली पत्रकं. मी ती स्वतः टाइप केली होती, पण त्यांचं वजन असतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण खोकी नेहमी दुसरं कुणीतरी चढवायचं.

सर म्हणाले, “पत्रकं अर्धी नेऊ की.”

“पत्रकं पूर्ण जातील,” ताई म्हणाली. “तीच द्यायला जातो आपण. बार मिरवायला नाही.” मग पाजीला विचारलं, “अलॉय एकदा आपटला की गेला, असं ही म्हणते. खरं आहे?”

“सच बोलूँ? हाँ. ज़ोर का लगा तो क्रॅक आएगा, फिर बदलना पड़ेगा. स्टील को ठोक के चला लेते हैं.” तो पुढे म्हणाला की ज्यांची दूर आत हजारो एकरांची फार्म आहेत, ज्यांच्या गाडीला दर महिन्याला काही ना काही आपटतं आणि गाडीत दोनच माणसं असतात, त्यांना तो स्टीलच लावतो, ते अलॉय मागत असले तरी. “आप पाँच लोग हो, और लोड फुल है.”

ताईने विचार करायला वेळ घेतला. वर्कशॉपच्या दारात जाऊन आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, चाकापाशी वाकली. माझ्या सभेत हा वेळ कुणी घेतला नव्हता. मग परत येऊन म्हणाली, “अलॉय. एकदा आपटला की बदलू. पण तो आपटेल तेव्हा गाडी माझ्या हातात असायला हवी.”

परतताना सर पुढे बसले होते. त्यांनी हळूच सुचवलं की नवी सभा कशाला, इतिवृत्तात एक शब्द बदलू. ‘स्टीलचा’च्या जागी ‘योग्य तो’. इतिवृत्त कोण वाचतं.

“ताईने वाचलं होतं,” मी म्हणाले.

मलाच बोलताना लाज वाटत होती, पण बोलले ते बरं झालं.

पुढच्या रविवारी विशेष सभा घेतली. ज्याने ठराव मांडला त्यानेच तो मागे घ्यायला उभं राहायचं, असा लेखी नियम आमच्याकडे नाही, पण रीत आहे. मी त्याच आकाराच्या कागदावर, त्याच टाइपात दुसरं पत्रक काढलं होतं. मथळा: ‘स्टीलच का? या पत्रकातील चुका’. खाली: मुद्दा एक, तीन, चार आणि सात चुकीचे किंवा अपुरे. काट्यावरचे आकडे, सरांनी तपासलेले. फळी आणि विटेचं चित्र, माझ्या हातचं, वाईट. आणि शेवटी मागणीच्या जागी: ठराव रद्द करावा, अलॉयचा बार बसवावा, आणि यापुढे गाडीविषयीचा कोणताही ठराव गाडी चालवणारी व्यक्ती हजर नसताना घेऊ नये.

मागून एका काकांनी विचारलं, “म्हणजे दोन, पाच, सहा बरोबर होते?”

“हो. स्टील ठोकून सरळ होतं. ते आजही खरं आहे.”

“आणि भांडवलदारी दागिना?”

“तो मागे घेते.”

हॉल हसला. मी थांबले, हसू दिलं. मग तेच काका गंभीर होऊन म्हणाले, एकमताने केलेला ठराव महिन्याभरात रद्द केला तर बाहेरचे काय म्हणतील, पोरकट मंडळ आहे म्हणतील.

इथे मला पुन्हा राग आला, आणि या वेळचा राग मला मान्य आहे. मी म्हणाले, “काका, आपण ठेकेदाराला काय सांगतो? चुकीचा हिशेब लिहिला असेल तर खोडून बरोबर लिही, आणि ज्याचा हिशेब त्याच्यासमोर लिही. त्याला ते जमत नाही. आपल्याला जमतंय, तर ते लपवायचं कशाला?”

ताई शिफ्ट बदलून आली होती आणि शेवटच्या रांगेत बसली होती. अनुमोदक कोण, असं सरांनी विचारल्यावर ती उभी राहिली.

“अनुमोदन माझं. फक्त दोन शब्द काढा. खाली ‘ताईंच्या सन्मानार्थ’ लिहिलंय.”

“ते राहू देत ना, ताई,” मी म्हणाले.

“मला सन्मान नकोय. मला ब्रेक लागायला हवेत.”

शब्द खोडले. हात वर झाले. या वेळी एकमत नव्हतं, काकांनी हात वर केला नाही, आणि मी इतिवृत्तात तेही लिहिलं. एक विरोधी मत. ते पान मला आमच्या वहीतल्या सगळ्या पानांहून जास्त आवडतं. इथल्या किती कंपन्यांच्या, किती खात्यांच्या कागदांवर मी अशी ओळ शोधली आहे, ‘आम्ही चुकलो’, आणि ती कधी सापडली नाही. आमच्याकडे आहे. तारखेसह, सहीसह.

पाजीने बार बसवला तेव्हा ताईने अर्धा दिवस रजा घेतली आणि प्रत्येक बोल्ट घट्ट होताना शेजारी उभी राहिली. त्यानंतर तिने गाडी पुन्हा काट्यावर नेली. केबिनमधला माणूस तोच होता. आकडा पाहून त्याने अंगठा दाखवला.

त्या शनिवारी आम्ही मळ्याकडे गेलो. छाटणी संपत आली होती. शेडमागे टेबल मांडलं, आणि एका नेपाळी मुलीने तिच्या तीन पेस्लिपा आमच्यासमोर अंथरल्या आणि कुठे तास कापलेत ते स्वतःच बोट ठेवून दाखवलं. मागच्या खेपेला तिला आम्ही दाखवलं होतं. या खेपेला ती बाकीच्यांना दाखवत होती, आणि आम्ही नुसते उभे होतो. 

निघायला उशीर झाला. सूर्य खाली आला तशी ताईने गाडीचा वेग कमी केला. इतका, की मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवला आणि ओलांडून गेला. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, आता तर बार आहे, ताई.

“बार गाडीला आहे,” ती म्हणाली. “त्यांना नाही.”

कुंपणाच्या कडेने सहा-सात कांगारू उभे होते, मान वर करून, आमच्या दिव्यांकडे बघत. मी तिच्या शेजारी बसले होते. तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती. तिने गाडी जवळजवळ थांबवली. एक रस्ता ओलांडून गेला, मग दुसरा. बाकीचे तिथेच राहिले. तिने मोठा श्वास सोडला आणि गियर बदलला.

वेरिबीत सगळ्यांना घरोघर सोडून ती शेवटी मला सोडायला आली. गाडीत हिवाळ्याचा तक्ता असतो, कोणत्या शनिवारी कोण येणार याचा. चालकाचा रकाना अपघातापासून कोरा होता. तिने पेन मागितलं आणि वरपासून खालपर्यंत, एकही शनिवार न सोडता, आपलं नाव लिहिलं.

“सगळे?” मी विचारलं.

“सगळे. आणि तू लर्नरवर किती दिवस बसणार आहेस? रविवारी ये. सभा संपल्यावर.”